बाहेर जाणाऱ्या मेलची रांग

न्हावा शेव्याच्या एका मालवाहतूक कंपनीत मी मेल सर्व्हर सांभाळायचो. जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर सगळं हलवलं त्या आठवड्यात एकच तक्रार सुरू झाली, मेल पोहोचत नाहीत. म्हणजे अगदीच पोहोचत नव्हते असंही नाही. सकाळी पाठवलेला मेल दुपारी चारला जायचा आणि तोवर बंदरातलं काम अडून बसायचं.

सगळ्यात जास्त त्रास झाला आपांना. त्या मुरुडच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना आपा, म्हणजे ताई, म्हणायचे. कंटेनरची कागदपत्रं जहाजांच्या एजंटांना पाठवायचं काम त्यांच्याकडे होतं. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "विसरला असाल तर तसं सांगा ना. कागद आलेच नाहीत म्हणतोय एजंट, तो काय खोटं बोलतोय?"

"मी साडेनऊलाच पाठवलंय," आपा म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू बघून सांग."

"सर्व्हर तर चालू आहे," मी म्हणालो. हे त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

पुढचे दोन दिवस मी इंटरनेटवाल्याला फोन करून भांडलो, फायरवॉलचे नियम काढून पुन्हा घातले, सर्व्हर कितीतरी वेळा बंद-चालू केला. बंद-चालू केला की थोडा वेळ मेल भराभर सुटायचे. जमलं असं वाटून चहा प्यायला जावं, तर परत येईपर्यंत पुन्हा रांग. मशीनवर चिडलो, साहेबांवर चिडलो आणि खरं सांगायचं तर आपांवरही चिडलो, कारण त्या दर तासाला येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या.

सहाव्या दिवशी वैतागून सेटिंगची फाइल पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. मेल सर्व्हर हा एकटा प्रोग्रॅम नसतो. मेल आत घेणारी प्रोसेस वेगळी, रांग लावणारी वेगळी, बाहेर पोहोचवणाऱ्या वेगळ्या. या पोहोचवणाऱ्या एका वेळी किती चालवायच्या तो आकडा आपण द्यायचा असतो. तिथे 'एक' होता. चाचणी घेताना नोंदी नीट वाचता याव्यात म्हणून मीच तो टाकला होता आणि वाढवायचा विसरलो होतो. आखातातल्या एका एजंटाचा सर्व्हर उत्तर द्यायला वेळ लावायचा, तेवढा वेळ ती एकुलती प्रोसेस त्याच्या दारात ताटकळायची आणि तिच्यामागे सगळं ऑफिस.

आकडा बदलला. काही मिनिटांत रांग रिकामी झाली. आनंद मात्र झाला नाही.

साहेबांना जाऊन सांगितलं की चूक माझी होती.

"झालं ना सुरू? मग बस," ते म्हणाले.

"आपांना तेवढं तुम्ही सांगा."

"तूच सांग." आणि ते फोनवर बोलू लागले.

आपा डबा उघडून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"चालू आहे म्हणालास," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी 'मला कळत नाहीये' एवढं म्हणाला असतास, तरी माझं भागलं असतं."

मी माफी मागितली. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

तेव्हापासून त्या प्रत्येक मेलची एक प्रत स्वतःच्या खासगी, ऑफिसबाहेरच्या मेल पत्त्यावर पाठवायला लागल्या. ती मोबाइलवर आल्याचं बघूनच पुढच्या कागदाला हात लावायच्या. आता याची गरज नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि प्रती पाठवत राहिल्या.