राजाची गाडी आणि आमचा ओटा

आमच्या गल्लीत बसायला जागा नव्हती. ब्रह्मपुरीतल्या इतर गल्ल्यांतही नव्हती. पण त्यांना माझ्यासारखा शिक्षक लाभलेला नव्हता!

त्या साली दिवाळीच्या सुट्टीत माझ्या डोक्यात आलं की गल्लीच्या मधोमध कडुनिंबाभोवती गोल ओटा बांधावा. संध्याकाळी सगळ्यांनी बसावं, बोलावं. शेजारचे शिंपी रहीमभाऊ तर हरखूनच गेले. "मास्तर, एकदम बढिया! आत्ताच बांधू!" (मी मास्तर, ते शिंपी, बांधकामातलं दोघांनाही सारखंच कळत होतं.) गल्लीने दगड आणले, माती कालवली. ओटा दिवसागणिक रुंद होत गेला, कारण येणारा प्रत्येक जण "मले बी जागा ठेवा जी" म्हणत होता.

शेवटचा थर चढायच्या दुपारी माझे सासरे बैलगाडी घेऊन आले. शांताला, म्हणजे माझ्या बायकोला, मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेसाठी, माहेरी न्यायचं होतं. त्या संध्याकाळी त्यांच्या गावच्या दंडारीत, म्हणजे जत्रेतल्या लोकनाट्यात, मामाजी राजा होणार होते. मुकुट, तलवार, सगळा पोशाख गाडीतच! आमचं घर बंद गल्लीच्या टोकाला. गाडी अंगणात आली, मामाजी जेवले आणि घोरू लागले. तेवढ्यात आम्ही ओटा दोन्ही बाजूंनी आणखी हातभर वाढवून पुरा केला, नारळ फोडला.

मामाजी उठले, बैल जुंपले, ओट्यापाशी आले आणि थांबले.

"जवाईबापू, गाडी कुठून नेऊ?"

मी डावीकडे पाहिलं. एक गाय गेली असती. उजवीकडे पाहिलं. तिथून वासरू!

"मामाजी, आज पायी गेलं तर..."

"पायी? मी राजा हाव! राजा का पायी जाते?"

"तर मग ओटा थोडा फोडू," मी म्हणालो. पण ओट्यावर सखूबाईंसह गल्लीतल्या साऱ्या म्हाताऱ्या पाय पसरून बसल्या होत्या.

"काऊन फोडता जी? नारळ फुटला. आजच बसलो, अन् आजच उठू?" सखूबाई म्हणाल्या.

रहीमभाऊ म्हणाले, "गाडीच उचलू ना!" आम्ही उचलली. म्हणजे एक बाजू उचलली. दुसऱ्या बाजूने गाडीतच बसलेले मामाजी घरंगळून थेट सखूबाईंच्या मांडीवर!

दिवस कलायला लागला, तशी राजाला शोधत त्यांची दंडारीची मंडळी ढोलकीसकट गल्लीत शिरली. मागून अर्धं गाव! गाडी पाहिली, राजा पाहिला, ओटा पाहिला.

"अरे, मंच तर तयारच हाय! इथीच करू!"

पण राणीचं काम करणारा गडी वाटेत दुसऱ्याच मंडईत रमला होता. मामाजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"जवाईबापू, तुम्हाले मिश्या नाई."

"मामाजी, मी शिक्षक आहे! समोर माझे विद्यार्थी बसलेत!"

शांता केव्हाच घरात पळाली होती. वाटलं, नवऱ्याची अब्रू जाताना बघवली नसेल. ती परत आली, हातात तिचं हिरवं लुगडं!

राजाने राणीला राज्याबाहेर हाकलायचा प्रसंग आला. मामाजींनी तलवार उपसली आणि असे गरजले, "चालती हो! माह्या रस्त्यातून चालती हो!" की गल्लीभर टाळ्या पडल्या. तो अभिनय नव्हता, हे फक्त मला ठाऊक होतं.

सकाळी, रात्री मुक्कामाला राहिलेल्या मंडळींनी गाडी अलगद उचलून ओट्यापलीकडे नेऊन ठेवली. शांता बसली. मामाजींनी कासरा धरला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"पोरीले आठ दिवसांनी धाडतो. अन् पुढच्या मंडईले तुम्हाले न्याले येतो. जवाई म्हून तुम्ही काही कामाचे नाई. पण राणी लाखात एक हाव!"