दूधवालीची अमलाची गोळी

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या सुमारास यांची जयपूरला बदली झाली. मी नर्स, तिथल्या एका प्रसूतिगृहात लागले. आमच्याकडे दूध घालणारी बाई गल्लीच्या टोकाला राहायची. तिला सातवा महिना होता, पण पोट पाचव्यासारखं दिसायचं. एकदा दूध ओतता ओतताच तिला पेंग आली, पातेलं भरून वाहू लागलं. मी तिला हलवून जागं केलं. स्वयंपाकघरात अंधार होता, तरी तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

विचारल्यावर तिनं सांगितलं, म्हशीनं लाथ मारल्यापासून पाठ दुखते. सासू अमलाची, म्हणजे अफूची, गोळी देते. आता दोन वेळा घेतल्याशिवाय उठवत नाही.

"आजपासून बंद," मी म्हणाले. "पोटातल्या पोरालाही चढतं ते."

तिनं ऐकलं. तिसऱ्या दिवशी दूध आलं नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. ती घामानं भिजली होती, उलट्या होत होत्या, पोटात बाळ नुसतं तडफडत होतं. तेवढ्यात कळा सुरू झाल्या. टांग्यातून तिला आमच्या प्रसूतिगृहात घेऊन गेलो.

मुलगी झाली, तळहातांत मावेल एवढी. डॉक्टरीणबाईंनी बाळामागून पडलेली वार ट्रेमध्ये उलटीपालटी करून पाहिली. तीही लहानच होती. बाळाला अन्न इथूनच जातं आणि अफूही इथूनच, त्या म्हणाल्या. मग विचारलं, "हिला एकदम बंद करायला कोणी सांगितलं?"

"मी."

त्या रागावल्या नाहीत. पोटुशीची अफू हळूहळूच उतरवायची, एकदम तोडली की बाळाच्या जिवावर बेतू शकतं, एवढंच म्हणाल्या. मला ते ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी थरथरू लागली. चिरका, न थांबणारा आवाज, सारख्या शिंका, दूध तोंडात धरेना. डॉक्टरीणबाईंनी अफूच्याच औषधाचे मोजके थेंब सुरू केले आणि दिवसागणिक कमी करत नेले. आईचंही तसंच केलं. मी ड्यूटी संपली तरी बाळापाशी बसून राही.

सासू दाराशी उभी राहून ते रडणं ऐकत होती. मग म्हणाली, "माझी दोन अशीच रडत रडत गेली. आम्ही नजर लागली म्हणायचो."

तिसऱ्या आठवड्यात मुलगी पोटभर प्यायली आणि शांत झोपली. ती जगली. पण पुढे कितीतरी दिवस कुठलंही तान्हं रडलं, की मी आधी त्याच्या आईच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाही.