निरगाठ

गेल्या महिन्यात उज्जैनला माझ्या सासरी निरोप आला, अण्णा गेला. निरोप आणणाऱ्यानं मान खाली घालून पुढचंही सांगितलं, "चोळायची दवा पी ली उन्होंने." मी इंदूरला पोहोचले तेव्हा बडा गणपतीजवळच्या आमच्या घराबाहेर कुजबुज चालली होती. संस्थान गेलं, मोटारखान्यातली नोकरी गेली, माणूस खचला, विष घेतलं... आणि आत वहिनी एकच विचारत होत्या, "वन्सं, माझं काय चुकलं हो?"

अण्णानं विष घेतलं नाही. पण हे सांगायचं तर त्यानं जन्मभर लपवलेली गोष्ट उघड करावी लागते. माझ्या या मोठ्या भावाला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नसत. हे फक्त मला ठाऊक होतं. मोटारींच्या विजेच्या तारा जोडणाऱ्याला रंग कळत नाहीत, हे मोटारखान्यात समजलं असतं तर त्याला केव्हाच घरी बसवलं असतं.

संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यावर मोटारखान्यातल्या गाड्या विकल्या गेल्या. त्यातली एक इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची शर्यतीची गाडी एका कापडवाल्या शेठजींनी घेतली. एंजिन ठणठणीत, पण तारा पार कुजलेल्या. वरचं सुती वेष्टन हात लावताच गळायचं, आतल्या रबराचा भुगा पडायचा. एकदा डॅशबोर्डमागून धूर निघाला आणि शेठजींनी अण्णाला बोलावलं. नोकरी सुटल्यापासून त्याच्या हाती आलेलं हे पहिलं मनाजोगं काम.

मी तेव्हा माहेरपणाला आले होते. "कुसुम, शिवणाचा दोरा घे अन् चल ना जरा," म्हणाला. नव्या तारांची भेंडोळी माझ्यापुढे टाकली. "लाल कौनसी, हिरवी कौनसी, बस तेवढं सांग. बाकी मी पाहतो." लाल तारेच्या दोन्ही टोकांना एकेक गाठ, हिरवीच्या टोकांना दोन-दोन. एक जुनी तार काढायची, तिच्याच वाटेनं नवी घालायची, गाठ बोटांनी चाचपायची, मगच दुसरीला हात लावायचा. मी घाईत एक सुरगाठ मारली तर खेकसलाच, "सुरगाठ नको! ओढली की सुटते. निरगाठ मार. इथे एक गाठ सुटली तर गाडी जळेल, भिया!" बहिणीला भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारा माणूस इंदुरातसुद्धा तोच एकटा असेल.

गाडी तयार झाली. दिवे लागले, हॉर्न खणखणीत वाजला. शेठजींनी बॉनेटखाली वाकून विचारलं, "अण्णाजी, ये धागे काहे के?"

"हमारे यहाँ का रिवाज है, सेठजी. शुभ होता है."

शेठजींनी त्या गाठींना हात जोडले! आम्ही घरी येऊन पोट धरून हसलो. आता मात्र मला अण्णाचा संताप येतो. परक्या माणसापुढे इतकं सफाईनं खोटं बोलतोस, मग स्वतःच्या बायकोला एक वाक्य खरं सांगायला तुझी जीभ का रे अडली?

या हिवाळ्यात त्याचा उजवा खांदा धरला. दवाखान्यातून दोन सारख्या, बिनचिठ्ठीच्या बाटल्या आल्या. प्यायचं औषध लाल, चोळायचं हिरवं, आणि ते विषारी. तपकिरीनं नाक कधीच बधिर झालेलं, त्यामुळे वासाचाही उपयोग नाही. हिरव्या बाटलीच्या गळ्याला त्यानं दोरा बांधला असणार, एका हातानं अन् दातांनी.

तो दोरा मला फडताळाखाली सापडला. तेलकट, नुसती मुरड राहिलेला. निरगाठ असती तर कापल्याशिवाय निघाली नसती. दुखऱ्या हातानं त्याला सुरगाठच जमली होती. ती सुटली, आणि बोटांना दोन्ही बाटल्या सारख्याच लागल्या.

मी वहिनींना सगळं सांगितलं. शेठजींची ती गाडी अजून त्याच तारांवर धावते; नेमकी तेव्हाच हॉर्न वाजवत घरावरून गेली. वहिनींनी मान वर केली नाही.

"मी मारून दिली असती हो गाठ," एवढंच म्हणाल्या. माझ्या हातातला दोरा घेऊन त्यांनी त्याला निरगाठ मारली, आणि तुटेपर्यंत आवळत राहिल्या.