या हातानं पहिलं काय करशील?

हमीदाखाला मुलाचं माप घ्यायच्या आधी त्याच्यासमोर उकिडव्या बसायच्या आणि विचारायच्या, "बोल राजा, हा हात मिळाला की पहिलं काय करशील?" उत्तर येईपर्यंत गळ्यातला टेप गळ्यातच राहायचा. काही मुलं पटकन सांगायची, काही आईच्या पदरात तोंड लपवायची. एकाने तर चांगला अर्धा तास खाल्ला आणि मग म्हणाला, "टाळी वाजवीन." खाला तेवढा वेळ तशाच बसून होत्या. मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो आणि मनातल्या मनात चरफडत होतो.

सातपूरला माझं छोटं वर्कशॉप आहे. तिथे लहान मुलांसाठी कृत्रिम हात छापतो. छापतो म्हणजे खरोखरच छापतो. यंत्र प्लास्टिकची तार वितळवतं आणि थरावर थर देत पंजा, बोटं, मनगट उभं करतं. मुलाने कोपर वाकवलं की आतल्या दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. दुकानातल्या हातापेक्षा कितीतरी स्वस्त, शिवाय मूल वाढलं की पुन्हा मोठ्या मापाचा छापता येतो. हे सगळं मी पाहुण्यांना इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतून उठवलंत तरी घडाघडा म्हणून दाखवीन.

खाला जुन्या नाशकात राहायच्या. जन्मभर त्यांनी शाळेची दप्तरं शिवली. हाताचे पट्टे शिवायला कुणीतरी पाहिजे म्हणून मी त्यांना बोलावलं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक हात उचलला, उलटसुलट केला, बोटं मिटवून बघितली आणि म्हणाल्या, "बेटा, बनवलास झकास. पण ह्यात पोर कुठंय?" मला राग आला. इंजिनियर मी, आणि ही दप्तरवाली बाई मला शिकवणार! पण त्यांचे पट्टे असे बसायचे की दिवसभर घालूनही मुलाच्या कातडीवर वळ उठत नसे. त्यामुळे मी गप्प बसलो.

मुलाने जे उत्तर दिलं असेल, ते काम खाला त्या हाताने आधी स्वतः करून बघायच्या. हात छोटा, त्यांच्या दंडावर चढायचा नाही. मग तो मुठीत धरायच्या, दुसऱ्या हाताने दोरी ओढायच्या आणि खटपट करत राहायच्या. येवल्याच्या एका मुलाला संक्रांतीला पतंगाच्या मांजाची आसारी धरायची होती, तर बाईंनी वर्कशॉपच्या दारात उभं राहून भर उन्हात मांजा गुंडाळला. एका मुलीला धाकट्या बहिणीची वेणी घालायची होती. त्या दिवशी खालांनी आपल्या ओढणीच्या तीन पट्ट्या करून वेण्या घातल्या, सोडल्या, पुन्हा घातल्या. जमलं नाही की हात माझ्या टेबलावर परत. "पोराला हाताची हौस नसते रे, कामाची असते," असं म्हणायच्या. आणि मी फार वाद घातला की, "पहले पूछ, फिर नाप. मी दप्तरं पण अशीच शिवली."

मग ते शिबिर आलं. देणगीदार येणार, फोटो निघणार, एका दिवसात चाळीस मुलांना हात द्यायचे. माझी नुसती घाई उडाली होती. खालांचं ऐकून मी फॉर्मवर 'मुलाचे उत्तर' असा एक रकाना ठेवला होता, तो नव्या फॉर्मवरून काढून टाकला. खालांना म्हणालो, "हात वाटायचेत खाला, नवस फेडायचे नाहीत. भराभर माप घ्या." त्यांनी विचारायचं काही सोडलं नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी सुरगाण्याकडची सविता आली. अकरा वर्षांची, डावा हात जन्मतःच कोपराच्या जरा खालपर्यंतचा. तिने अजिबात लाजत न बसता सांगितलं, "भाताचं पातेलं उतरवीन. आई द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडं गेली की घरी मीच रांधते."

"आत्ता कशी उतरवतेस गं?"

"सांडशीनं धरते, खाली कोपर लावते. पण लय चटके बसतात."

खालांनी तिचं माप घेतलं आणि शिबिरासाठी छापून ठेवलेल्यातला तिच्या मापाचा हात घेऊन त्या थेट आमच्या चहाच्या शेगडीकडे गेल्या. पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेटा, ही पोरगी चुलीपाशी वापरणार म्हणते. ह्याला चूल चालंल का?"

मला माहीत होतं. ऐका, मला पक्कं माहीत होतं. मे महिन्यात गाडीत काचेपाशी राहिलेला असाच एक हात मी डोळ्यांनी बघितला होता. त्याची बोटं मऊ पडून खाली लोंबली होती. उष्णता सोसणारं दुसरं प्लास्टिक मिळतं, पण ते छापायला वेळ लागतो, वाकडं होतं, पुन्हा छापावं लागतं. आणि दुसऱ्या दिवशी फोटो होते. मी म्हणालो, "चालेल." पाणी अजून कोमटही झालं नव्हतं. मी खालांच्या हातातून तो हात काढून घेतला, खोक्यात ठेवला आणि गॅस बंद केला.

खालांनी सविताला सांगितलं, "साहेब बोलले, चालंल."

शिबिर छान झालं. तिसऱ्या आठवड्यात सविताच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. पातेलं चुलीवरून उचलताना बोटं सैल पडली आणि उकळती पेज पोरीच्या दोन्ही पायांवर सांडली. मी आणि खाला गाडी काढून दवाखान्यात गेलो. सविता पडून होती, चादर जखमांना लागू नये म्हणून पायांवर जाळीचा पिंजरा ठेवलेला. आम्हाला बघून तिने तोंड भिंतीकडे वळवलं. तिची आई हात जोडून उभी राहिली आणि मलाच विचारू लागली, "साहेब, आमचंच काय चुकलं का? पोरीनं नीट धरलं नसंल."

मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण शब्द फुटेना.

"नाही गं बाई," खाला म्हणाल्या, "तुमची नाही, माझी चूक. मी हात बघून दिला नाही."

परतताना आम्ही घाट उतरलो. तेव्हा मी म्हणालो, "खाला, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आधी तुझ्या तोंडाकडं बघितलं मी. खूप वेळ बघितलं. तू बोलला असतास तर मी गप्प बसले असते."

त्यानंतर मी प्लास्टिक बदललं. फॉर्मवर रकाना परत आणला. अहवालात मात्र 'वापरताना झालेला अपघात' असं लिहिलं. म्हणजे दोष कुणाचा झाला, ते तुम्हीच बघा. खाला कामाला येत राहिल्या, पण 'चालंल का' असं मला त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. एकदा मीच कबूल केलं, "जाऊन सांगणार आहे मी सविताच्या आईला." त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "सुरगाण्याची एसटी रोज सुटते बेटा." पुढे महिन्यादोन महिन्यांनी, मध्येच, कसलाही संदर्भ नसताना एवढंच म्हणायच्या, "एसटी रोज सुटते." मी म्हणायचो, "शिबिर होऊ दे." मग म्हणायचो, "पाऊस सरू दे." गेल्या हिवाळ्यात खालांना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. मातीला मी गेलो होतो. त्यांचा मुलगा माझा हात धरून म्हणाला, "अम्मी तुमचं फार नाव काढायची." मला तिथे उभं राहवेना.

मागच्या महिन्यात सविता आईबरोबर मोठ्या मापाचा हात करायला आली. तेरा वर्षांची झालीय. आल्या आल्या आईने विचारलं, "खाला कुठं हायेत?" मी सांगितलं, तशी ती दारातच खाली बसली. "आवं, थंडीपर्यंत दर महिन्याला यायच्या त्या," ती म्हणाली. "एसटीनं. पोरीच्या पायाला मलम चोळायच्या आणि दर खेपेला माफी मागायच्या. मी म्हणायची, खाला, बास झालं आता. ऐकायच्याच नाहीत."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. रोज सुटणाऱ्या त्या एसटीत बसून, माझ्या चुकीची माफी मागायला बाई जात होत्या.

"ताई," मी म्हणालो, "चूक त्यांची नव्हती. त्या हात तपासतच होत्या, मी तपासू दिला नाही. चुलीपाशी चालणार नाही हे मला माहीत होतं. तरी चालेल म्हणालो."

 ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "मंग दोन वर्षं का नाय सांगितलं?" एवढंच विचारलं तिने.   उठून जाईल असं मला वाटलं, पण पोरीला हात हवा होता, म्हणून बसून राहिली.

मी टेप गळ्यात घातला आणि सवितासमोर उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. "या हातानं पहिलं काय करशील?"

"पातेलंच उतरवीन," ती म्हणाली. "पण आधी तुम्ही उतरवून दाखवा."

नव्या प्लास्टिकचा हात तयार झाल्यावर दोघी पुन्हा आल्या. मी त्याच चहाच्या शेगडीवर पातेलं ठेवलं, पाणी चांगलं खळखळ उकळू दिलं. हात मुठीत धरला, दोरी ओढली, बोटं काठावर मिटली आणि पातेलं उचललं. सांडलं नाही. मी वळून सविताकडे बघितलं. ती पार भिंतीला टेकून उभी होती, भाजलेला एक पाय दुसऱ्यामागे दडवून.