हमीदभाईंची कंबर

तिसगावच्या हमीदभाई टेलरांनी वीस वर्षांत माझं माप एकदाही मोठ्यानं सांगितलं नाही. टेप कमरेभोवती फिरवायचे, ओठातल्या ओठात पुटपुटायचे आणि खडूनं कापडावर आकडा टाकायचे. "गुरुजी, आतून कापड जादा सोडलंय. मानूस सुखात हाय, वाढनारच." बाजारच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला हेच ऐकवायचे. सुकलेला माणूस त्यांना बघवत नसे. स्वतः तर इतके ऐसपैस, की बसले की खालचं स्टूल दिसायचं नाही.

त्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. नगरला ऑपरेशन होऊन गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरवर चरबी फार आहे. अशा लिव्हरमध्ये हा आजार रुजायला सोपं जातं, असं दिसतंय. सावकाश वजन उतरवा." मी सोबत होतो, माझ्या कानांनी ऐकलं. तरी चार दिवसांनी बायकोनं केलेले डिंकाचे लाडू घेऊन मीच त्यांच्या घरी हजर! आजारी माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? माझ्याआधी कुणी तूप आणून ठेवलं होतं, कुणी खारीक-बदाम.

"डागदर म्हनतो उतर, गाव म्हनतं खा. ऐकू कुनाचं?" हमीदभाई पार गोंधळले. शेवटी त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं. माझा डबा परत केला, बिर्याणी सोडली आणि रोज सकाळी पाथर्डी रस्त्यानं चालायला लागले. तीन महिन्यांत स्वतःच्या पँटी दोनदा आत घेतल्या. गिऱ्हाईक आलं की उभे राहून कंबर दाखवायचे. "गुरुजी, लई जीव काढलाय. पर लिव्हर हलकं झालं आसंल, व्हय ना?" लोक मात्र मला बाजूला घेऊन म्हणायचे, "चेहरा बघितला का? आजार खातोय त्यांना." मी चिडायचो, पण शंका मलाही यायची.

पुढच्या तपासणीत लिव्हरमध्ये गाठी दिसल्या. मी डॉक्टरांना विचारलं, "इतके चालले, ते फुकटच गेलं का?"

"फुकट कसं जाईल? पण उतरलेल्या वजनात चालण्याचं किती आणि आजाराचं किती, हे मलाही वेगळं काढता येणार नाही."

मला आणखी विचारायचं होतं. इतकी वर्षं ईदला त्यांनी मला आणि दिवाळीला मी त्यांना जबरदस्तीनं वाढलं, त्याचं काय? पण मी रिपोर्ट गोळा करून बाहेर आलो. फार वाईट वाटलं.

शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो. भाभी चहा टाकायला आत गेल्या, तसा त्यांनी माझा हात धरला.

"गुरुजी, खरं सांगा. हे वजन मी उतरवलं, का त्या आजारानं?"

"तुम्हीच, हमीदभाई. मी रोज बघत होतो की तुम्हाला चालताना."

त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मी खरं बोललो की खोटं, ते मला अजून कळलेलं नाही.