मागच्या फळीवरची ब्रेकवाली

ब्रेकवाली,

हे पत्र तुला आवडणार नाही. कागदावरचं काहीच तुला आवडत नाही, ते मी बघितलं आहे. पण परवा प्लायवुडच्या दुकानात चार बाप्ये तुझ्या नवऱ्याच्या जुन्या गाडीची आठवण काढून हळहळत होते. "काय डोकं होतं हो! मोटारसायकलची तीनचाकी केली पठ्ठ्यानं!" चौघांपैकी एकानेही तुझा उल्लेख केला नाही. मी बिजागऱ्या घेतल्या, घरी आले आणि लिहायला बसले. तुझ्याबद्दल लिहिते आहे, तुझ्यासमोर लिहिते आहे. काही चुकलं तर तोंडावर सांग. तशी तू भीड ठेवणारी नाहीसच.

ब्रेकवालीचा नवरा तरुणपणी एका गॅरेजात सहा महिने पाने पुसायला होता. तेवढ्या पुण्याईवर सगळी गल्ली त्याला इंजिनिअर म्हणायची. लोक चेष्टेने म्हणायचे आणि तो ते खरं मानायचा. त्याने एका भंगारातल्या मोटारसायकलचं मागचं चाक काढलं, त्या जागी हातगाडीचा सांगाडा वेल्डिंग करून बसवला, दोन चाकं लावली, वर पत्र्याचा हौदा चढवला. पुढून मोटारसायकल, मागून हातगाडी. लोकांनी तोंडात बोटं घातली. नुसती बोटं घालून थांबले असते तर बरं झालं असतं, त्यांनी कौतुकही केलं.

आता या कौतुकाच्या वस्तूला काय नव्हतं ते ऐका. तिला मागे घ्यायचा गिअर नव्हता. ब्रेक होता, पण तो रिकाम्या गाडीला. हौद्यात वॉशबेसिनं आणि फरशीची खोकी भरली की ब्रेक दाबणं म्हणजे देवाला हात जोडण्यासारखं, ऐकलं तर ऐकलं. उभ्या गाडीला जागेवर धरून ठेवील असं त्या गाडीत काहीच नव्हतं.

म्हणून बायको होती.

हौद्याच्या मागे एक फूटभर फळी ठोकली होती, तिच्यावर ती बसायची. मांडीवर लाकडाचा तिकोनी ठोकळा. चढावर गाडी थांबायची झाली की चाकं पुरती थांबायच्या आत ती उडी मारायची, ठोकळा उजव्या चाकाखाली सारायची आणि पत्र्यावर दोन थापा मारायची. दोन थापा म्हणजे गाडी धरली, आता उतरा. एक थाप म्हणजे चला. गाडी मागे घ्यायची तर ती पुढे जाऊन दिव्याला पाठ लावायची आणि टाचा रोवून रेटायची. इंजिनिअर वर बसून "जरा डावीकडे, जरा डावीकडे" म्हणायचा. अकरा वर्षं. त्याचं नाव इंजिनिअर, तिचं ब्रेकवाली. लोक नावं अचूक ठेवतात, फक्त मान कुणाला द्यायचा ते त्यांना कळत नाही.

तिला स्वतःला या गाडीचं काडीचं कौतुक नव्हतं. "हिला गाडी म्हणायचं तर मला विमान म्हणा," असं ती म्हणायची. पण सॅनिटरीवाल्या काकांच्या दुकानातून माल निघाला की कुठलं खोकं खाली, कुठलं वर, कुठल्या गल्लीत कुत्री अंगावर येतात, कुठल्या घरची म्हातारी माल मोजून घेताना मुद्दाम चुकते, हे सगळं तिच्या डोक्यात. काका चलनाचा कागद इंजिनिअरच्या हातात द्यायचे आणि पत्ता तिला सांगायचे.

मग एके दिवशी चौकात वाहतुकीच्या साहेबाने गाडी अडवली. कागद बघितले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"कागदावर चाकं किती?"

"दोन, साहेब."

"आणि खाली?"

इंजिनिअर खाली वाकून बघायला लागला. जणू मोजल्यावर कमी भरतील.

"साहेब, तिसरं मी स्वतः बसवलंय," तो अभिमानाने म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत," साहेब म्हणाला, आणि गाडी जमा केली.

आठवड्याने त्या गाडीचे गॅसकटरने दोन तुकडे केले. इंजिनिअर कुंपणाशी उभा राहून लहान पोरासारखा रडला. ब्रेकवालीने त्याला पदर दिला, डोळे पुसायला. स्वतःच्या डोळ्याला लावायची तिला गरज पडली नाही.

नवी तीनचाकी आली ती कंपनीतून, काचेसकट, दारासकट. पुढे केबिन, हँडलच्या डाव्या मुठीत गिअर, सीटच्या बाजूला हँडब्रेक, मागे घ्यायचा वेगळा दांडा. इंजिनिअरने काचेवरचा प्लास्टिकचा कागद काढू दिला नाही, की नवेपणा जाईल. केबिनमध्ये सीट एकच.

"मी कुठे बसू?" तिने विचारलं.

"अगं, आता बसायचं कशाला? हिला सगळं आहे. तू आराम कर घरी."

आराम! हा शब्द बोलताना नवऱ्यांच्या चेहऱ्यावर जो उदारपणा येतो तो बघण्यासारखा असतो. अकरा वर्षं जिने चाकाखाली हात घातले तिला एका हँडब्रेकच्या बदल्यात घरी बसवलं, आणि वर तिने आभार मानावेत अशी अपेक्षा. तिने आभार मानले नाहीत. तिला आराम नको होता, तिला काम हवं होतं. फळीवर बसून का होईना, ती रोज सकाळी कुठेतरी निघत होती आणि तिथे तिच्यावाचून अडत होतं. आता अडणार नव्हतं.

अडलं. पहिल्याच दिवशी.

पाण्याच्या टाकीच्या चढावर एका नव्या इमारतीत अकरा कमोड पोचवायचे होते. इंजिनिअर चढावर थांबला आणि सवयीने वाट बघत राहिला. कसली, ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. तेवढ्यात हौद्यातली खोकी सरकली आणि मागच्या पत्र्यावर आपटली. धप, धप. दोनदा. हा पठ्ठ्या निश्चिंतपणे पाय ब्रेकवरून काढून खाली उतरला! शेजारी हँडब्रेक हात वर करून उभा राहिला असता तरी त्याला दिसला नसता. गाडी सावकाश मागे निघाली, मग सावकाश राहिली नाही, आणि चढाच्या पायथ्याशी वाळूच्या ढिगात जाऊन बसली. माणूस कुणी मध्ये आलं नाही, हे नशीब. नऊ कमोड फुटले. दोन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

ती धावत आली. नवरा धडधाकट आहे हे आधी बघितलं, मग बोलली.

"हँडब्रेक?"

"मला वाटलं तू थाप मारलीस."

"मी घरी होते! आराम करत होते!"

सॅनिटरीवाले काका वाळूच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "तीनचाकीचं लायसन्स दाखव." त्याच्याकडे मोटारसायकलचं होतं. काकांनी एक महिना दिला. महिन्यात लायसन्स, नाहीतर माल दुसरीकडे.

इंजिनिअर परीक्षेला गेला. चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं. डावा पाय गिअर शोधत राहिला, गिअर होता मुठीत. गाडी बंद पडली ती पडली. परीक्षा घेणारा म्हणाला, "आधी कुठली गाडी चालवत होतात?" आणि यानेही त्याला सगळी कहाणी सांगितली! नापास.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं भाजीबाजाराच्या रिकाम्या पटांगणात सरावाला गेले. ती बाहेर उभी राहून बघत होती.

"अहो, डावा पाय कशाला नाचवताय? तिथे काही नाहीये."

"सवय आहे गं."

"सवय घरी ठेवून या."

चौथ्यांदा गाडी बंद पडल्यावर तिने केबिनचं दार उघडलं. "उतरा."

"तू?"

"तुमच्या पायाला खोड लागलीय. माझ्या पायांना कसलीच नाही. सरका."

आणि खरंच, तिला विसरायचं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी तीनदा बंद पाडली, दुसऱ्या दिवशी एकदा. गाडी थांबली की तिचा हात आपोआप हँडब्रेकवर जायचा, थांबलेली गाडी धरायची असते हे तिच्या हाडात होतं. मागे घ्यायचा दांडा ओढून तिने अख्खं पटांगण उलटं पार केलं, पुन्हा केलं, पुन्हा केलं. पाठीला काही न लागता गाडी मागे जाते याचं तिला इतकं हसू आलं की कोबीच्या पाटीवाली बघायला थांबली. आठव्या दिवशी ती बाजारात चालवत होती. इंजिनिअर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "मीच तयार केली." तो काय काय तयार करतो!

लायसन्सच्या ऑफिसात खिडकीतल्या माणसाने अर्ज वरखाली केला.

"वयाचा पुरावा?"

"माझं वय मला माहीत आहे."

"मला नाही ना माहीत. शाळेचा दाखला आणा."

सातवीपर्यंत ती शाळेत गेली होती. शाळेचा कारकून म्हणाला, जुनी रजिस्टरं कपाटात आहेत, दाखला देता येईल. पण त्यात माहेरचं नाव, आता सासरचं. त्या वेळच्या कुणा शिक्षिकेने समोर येऊन हीच ती मुलगी असं सही करून दिलं तरच.

त्या वेळच्या शिक्षिकांपैकी हयात आणि हिंडतीफिरती एकच होती. मी. तिच्या घरासमोर राहणारी, एकतीस वर्षं त्या शाळेत घासलेली. ती दारात आली, चप्पल न काढता उभी राहिली.

"बाई, सोमवारी याल?"

"येते की. त्यात काय."

सोमवारी मला आठवलं की मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर सध्या जो बसतो त्याला मी भर स्टाफरूममध्ये 'तुम्हाला फळाही पुसता येत नाही' असं सुनावलं होतं. आता त्याच्यासमोर स्टुलावर बसून सही द्यायची, आणि तो "या, या, बाई" करणार, चहा मागवणार. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. पुढच्या सोमवारी पाहुण्यांचं. तिसऱ्या सोमवारी तिने विचारलं नाही. नुसतं वर माझ्या खिडकीकडे बघितलं. मी पडदा सारखा करत होते.

महिना संपला. लायसन्स होतं ते तिच्या नणंदेच्या नवऱ्याकडे. तो आला. दर शंभर पावलांवर आरशात भांग बघतो, काका पत्ता सांगत असताना मोबाइलवर बोलतो आणि संध्याकाळी तिलाच विचारतो, "वहिनी, ती मोजताना चुकणारी म्हातारी कुठल्या गल्लीत?" ती सांगते. इंजिनिअर हौद्यात बसून माल सांभाळतो. गाडी सकाळी आठला निघते तेव्हा ती दारात उभी असते, हात रिकामे, कुठेही जायचं नसल्यासारखे.

ब्रेकवाली, शाळा माझ्या दारापासून चालत बारा मिनिटांवर आहे. गुडघा ठीक आहे. मुख्याध्यापकही अजून तोच आहे. मी गेलेले नाही.