अक्कांचे दोन मॉनिटर

"उजेडात बघा, मग बोला," असं म्हणत अक्का गिऱ्हाइकाची साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर यायच्या. काठाला ब्लाऊज पीस लावायचा, मान जराशी तिरकी करायची, आणि नाही पटलं तर काही न बोलता आत जाऊन दुसरा पीस आणायचा. तिसऱ्यांदा आत जावं लागलंय, असं मी क्वचितच पाहिलं. सेलूत आमच्या गल्लीत त्यांचं मॅचिंग सेंटर होतं आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. कपाळावर विभूतीची पुसट रेघ, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलणं मोजकं. अशी बाई सुट्टीच्या दिवशी दुपारी कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर गेम खेळत असेल, असं तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्हीही हसला असता. मीही हसलो होतो.

त्याचं असं झालं. नवरा गेल्यावर अक्का एकट्या राहिल्या. एकुलता एक मुलगा पुण्यात नोकरीला. रोज फोन यायचा, पण त्यात बोलणं काय? "जेवलास का?" "जेवलो. तू?" "जेवले." पुढं दोघंही गप्प. एका दिवाळीला मुलगा घरी आला आणि त्याने आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर आईला गेम शिकवला. दोघांनी मिळून जंगलातून वाट काढत जायचं, आडून येणाऱ्या शत्रूंना चुकवायचं किंवा मारायचं. तो पुण्यातून खेळणार, ह्या इथून, आणि कानातून एकमेकांशी बोलणं चालू.

त्या खेळाने मायलेकांची तोंडं उघडली. झाडाआड दबा धरून बसलं की अक्का विचारायच्या, "त्या पोरीचं काय झालं? तू सांगितलं होतंस ती." आणि तो सांगायचा. फोनवर कधीच न सांगितलेलं सगळं सांगायचा. "समोर माणूस दिसला म्हणजे पोरगं लाजतंय," अक्का मला म्हणाल्या, "झाडीत लपलं की बोलतंय."

जुना मॉनिटर एका उन्हाळ्यात बंद पडला. नवा घ्यायला अक्कांनी मला सोबत परभणीला नेलं. दुकानात दोन मॉनिटर शेजारी शेजारी लावले होते. एक मोठा, दोन्ही कडांनी आत वळलेला, भारी. दुसरा साधा, स्वस्तातला. दोन्हींवर एकच चित्र चालू होतं, गवतातून पळणारं हरीण. विकणारा मुलगा हर्ट्झ, पॅनल, रिस्पॉन्स टाइम असं बरंच बोलला. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"दोन्हींत हरीण एकच हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो, पण मोठ्यात जास्त..."

"जास्त पळतंय का?"

त्याने साध्याचं खोकं काढलं. आम्ही साधा मॉनिटर घेऊन एसटीने परत आलो. तो मांडीवर धरून अक्का सगळ्या वाटेवर खूश होत्या. फसवून घेतलं नाही, याचं समाधान माणसाच्या चेहऱ्यावर किती वेळ टिकतं, ते मी वाटेतल्या मानवतच्या पुढंपर्यंत पाहिलं.

तक्रार सुरू झाली ती थंडीत. खेळात त्या सारख्या मरू लागल्या. शत्रू डावीकडून यायचा आणि अक्कांना तो दिसायचाच नाही. मुलगा ओरडायचा, "आई, डावीकडं बघ की." त्या मान वळवेपर्यंत उशीर झालेला असायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "आंधळी कोशिंबीर खेळायलीस का?" हे अक्कांनीच मला हसत सांगितलं. मग म्हणाल्या, "स्वस्तातलं घेतलं ना, तेच नडलं. हा डावीकडचं दाखवतच नाही नीट."

मला ते पटलं. साध्या मॉनिटरच्या कडा फिकट दिसतात, हे मीही ऐकलं होतं. त्यातून अक्कांच्या नजरेवर शंका कोण घेणार? गल्लीत सगळ्यात पारखी नजर त्यांची. मोरपंखी आणि रामा हिरवा यांतला फरक अजून त्या पायरीवर उभ्या राहून सांगत होत्या. आत जाताना दुकानातल्या स्टुलाला डावा पाय आपटायचा, तेव्हा त्या स्टुलाला बोलायच्या. "कुणी ठेवलंय हे इथं मधी." स्टूल वर्षानुवर्षं तिथंच होतं.

मग भारी मॉनिटर घ्यायचा, असं ठरलं. मुलगा म्हणाला, मी पाठवतो. अक्का म्हणाल्या, नको, लग्नसराई होऊ दे, मी घेते. तोवर दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या माझ्या दुकानात येऊन बसायच्या आणि आम्ही मोबाइलवर मॉनिटरची तुलना करणारे व्हिडिओ बघायचो. हिंदीत बोलणारा कुणी तरुण रंगांची खोली समजावून सांगत असायचा आणि अक्का त्याच्याकडं बघत म्हणायच्या, "ह्याचा शर्ट बघा. दोन धुण्यात रंग उतरलाय. अन् हा आपल्याला रंग शिकवायलाय." सगळी थंडी गेली, उन्हाळाही निम्मा सरला. आम्ही हा चांगला की तो, यावर मनापासून वाद घातले. आज त्या दुपारी आठवल्या की जिवाला लागतं. वेळ तेवढाच होता आणि तो आम्ही त्यात घालवला.

लग्नसराई संपल्यावर मोठा मॉनिटर आला. वायरी जोडायला मीच त्यांच्या घरी गेलो. पडदा उजळला आणि अक्का खुर्चीत पुढं सरकल्या. "हा खरा मोरपंखी," म्हणाल्या. हेडफोन काढून ठेवले आणि मुलाचा आवाज मलाही ऐकू यावा म्हणून स्पीकर लावला. आम्ही तिघंही खुशीत होतो. खेळ सुरू झाला. अक्का पाचोळा तुडवत पुढं निघाल्या आणि डावीकडून आलेल्या पहिल्याच माणसाने त्यांना मारलं. मी मागं उभा होतो. तो माणूस पडद्यावर चांगला ढळढळीत चालत आला होता.

पुन्हा खेळल्या, पुन्हा तसंच. या वेळी मुलगा ओरडला नाही.  तो हळू म्हणाला, "आई, समोरच्या झाडाकडं बघ. मान हलवू नकोस. मी कुठं हाय?"

"दिसंना."

त्याचा माणूस त्यांच्या डाव्या हाताला, मोकळ्यात उभा होता. मला तो दिसत होता. मुलगा एकेक पाऊल मधे सरकू लागला. "आता?" "न्हाई." "आता?" "न्हाई रे." तो जवळजवळ झाडापाशी आला तेव्हा अक्का म्हणाल्या, "हां, दिसलास. कुठून आलास?"

त्याने खेळ बंद केला. मग मुलगा म्हणाला, "मी उद्या येतो."

तो आला आणि आईला घेऊन नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेला. मीही बरोबर होतो. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही नाकाकडची, म्हणजे डाव्या अंगाची नजर गेलेली. मधली नजर शाबूत होती, म्हणून रंग कळत होते आणि म्हणूनच कुणाला काही कळलं नव्हतं. गेलं ते परत येत नाही, राहिलंय ते औषधाने जपायचं, असं डॉक्टर म्हणाले.

अक्कांनी एकच विचारलं, "थंडीत आले असते तर?"

"तर जास्त राहिलं असतं," डॉक्टर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर मुलगा बराच वेळ जमिनीकडं बघत बसला. "मी तिला आंधळी कोशिंबीर म्हणालो, काका," तो म्हणाला.  अक्का आतून थेंब घालून आल्या, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तूच वळखलंस की. हितं रोज बघणाऱ्याला तरी कुठं कळलं?" ते त्या मला टोचावं म्हणून बोलल्या नव्हत्या. तरी टोचलं.

पुढं दोनेक महिने त्यांनी दुकान रेटलं. पण रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली मोटारसायकल एकदा अगदी अंगाला घासून गेली आणि मुलाने पुण्याला चल म्हणून हट्टच धरला. माल ठोकात विकून टाकला. मोठा मॉनिटर खोक्यात भरून पुण्याला गेला. साधा मला दिला. मी तो दुकानात लावला नाही, माळ्यावर ठेवला.

निघायच्या दिवशी मी स्टेशनवर गेलो होतो. मुलाने त्यांना खिडकीत बसवलं. फलाट त्यांच्या डाव्या हाताला आला. मी खिडकीशी उभा राहून काहीबाही बोलत होतो. त्या माझ्या आवाजाकडं कान देऊन समोरच्या बाकाकडं बघत होत्या आणि मधूनमधून पुरी मान वळवून मला शोधून घेत होत्या. गाडी हलली. मी हात वर केला. त्यांना दिसला नाही. मुलाने खांद्याला हात लावून सांगितलं, तेव्हा त्या घाईने वळल्या आणि हात हलवला. तोवर मी मागं पडलो होतो. त्यांच्यासमोर एक चहावाला किटली घेऊन उभा होता. तोही बिचारा ओळखीचं कुणी असावं तसा हात हलवत राहिला, आणि अक्का त्याच्याकडं बघून हसत होत्या.